नृत्यरचना आणि नर्तकाचा वाटा

युरोपीय नृत्याच्या इतिहासावरील कोणताही प्रमाण मानला जाणारा ग्रंथ उघडून पाहिला, तर त्यातील प्रकरणे बहुधा नृत्यरचनाकारांच्या नावांनी पाडलेली आढळतात. आधी पेतिपा, मग फोकीन, मग निजिन्स्की, पुढे बॅलन्शीन आणि ग्रॅहम, असा हा क्रम एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीप्रमाणे उलगडत जातो. नर्तक-नर्तकींचा उल्लेख त्यात येत नाही असे नाही. पण तो येतो तो दरबारातील मानकऱ्यांसारखा. अमुक रचना अमुक नर्तकीने प्रथम सादर केली, तिची उडी हलकी होती, तिचे हात सुंदर होते, एवढे सांगून इतिहासकार पुन्हा रचनाकाराकडे वळतो. रचना घडत असताना त्या नर्तकीने काय केले, तिच्यामुळे रचनेत काय आले आणि काय येऊ शकले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न काही निवडक प्रसंगांच्या आधारे तपासावयाचा आहे. तो केवळ श्रेयाच्या वाटणीचा असता, तर कलावंतांच्या संघटनांवर सोपवून मोकळे होता आले असते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो मूलतः साधनांचा प्रश्न आहे. नाटकाची संहिता कागदावर असते, पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी असते. नृत्य हे अगदी अलीकडील काळापर्यंत ते नाचणाऱ्या शरीरांतच साठविलेले असे. ज्याच्या अंगावर रचना बसविली, तोच तिचा पहिला दस्तऐवज. आता या दस्तऐवजाने आपला मजकूर काही अंशी स्वतःच लिहिलेला असेल, तर त्याची चिकित्सा कशी करावयाची? आणि तो मजकूर त्याने मुळीच लिहिलेला नसेल, केवळ वरून उतरवून घेतला असेल, तर तो किती दिवस जपला जाईल?

'कोरिओग्राफी' या शब्दाचा प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. नृत्य आणि लेखन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला. १७०० साली राऊल-ओझे फये याने पॅरिसमध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात हा शब्द आहे. पण तेथे त्याचा अर्थ नृत्याची रचना असा नसून नृत्य लिहून काढण्याची विद्या, म्हणजे एक लिपी, असा आहे. रचना करणाऱ्यास त्या काळी बॅलेचा गुरू म्हणत, आणि तो गुरू बहुधा स्वतः नाचणारा असे. लिहिणाऱ्याचे नाव रचणाऱ्यास केव्हा आणि कसे चिकटले याची कथा लांबलचक आहे. येथे एवढेच पुरे की १९३५ सालीसुद्धा सर्ज लिफार यास हा शब्द अपुरा वाटला, आणि ग्रंथकर्त्याच्या तोडीचा नृत्यकर्ता या अर्थी त्याने एक नवाच फ्रेंच शब्द घडविला. तो रुजला नाही. पण त्यामागील आकांक्षा रुजली: नृत्याला एक कर्ता असतो आणि तो एकच असतो. आपल्या भाषेत चित्रपटांमुळे रूढ झालेला 'नृत्यदिग्दर्शक' हा शब्द पंडितांना फारसा मानवत नाही. मला मात्र तो तितकासा टाकाऊ वाटत नाही. दिशा दाखविणारा एक आणि चालणारा दुसरा, एवढी जागा तरी त्यात शिल्लक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवर मारियस पेतिपा याची सत्ता निर्विवाद होती. तो घरी छोट्या छोट्या बाहुल्या मांडून समूहनृत्यांच्या आकृत्या ठरवीत असे आणि तालमीस येताना कागद तयार ठेवूनच येई. अशा रचनाकाराच्या व्यवस्थेत नर्तकीला वाव तो काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्ष पुरावा वेगळे सांगतो. पिएरिना लेन्यानी ही इटालियन नर्तकी १८९३ साली तेथील 'सिंड्रेला' या बॅलेत एका पायाच्या चवड्यावर उभी राहून, दुसऱ्या पायाच्या फटकाऱ्याने लागोपाठ बत्तीस गिरक्या घेऊ लागली. या गिरक्या तिने रशियात येताना बरोबर आणल्या होत्या. पेतिपाने त्या तिला शिकविल्या नव्हत्या. १८९५ साली 'स्वान लेक'ची पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी नव्याने रचना केली, तेव्हा नायिका लेन्यानीच होती, आणि तिच्या बत्तीस गिरक्या तिसऱ्या अंकात बसविल्या गेल्या. आज जगात कोठेही 'स्वान लेक' होवो, प्रेक्षक त्या गिरक्या मोजत बसतात. एका नर्तकीचे वैयक्तिक कसब अशा रीतीने संहितेचा भाग झाले. नाव मात्र संहितेवर पेतिपाचे राहिले.

हा अपवाद मानण्याचे कारण नाही. व्लादिमीर स्तेपानोव्ह याने १८९२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीत शाही रंगभूमीवरील अनेक बॅले नंतर लिहून काढण्यात आले. निकोलाय सेर्गेयेव्ह क्रांतीनंतर रशिया सोडताना ती बाडे घेऊन गेला, आणि १९६९ पासून ती हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांत एकलनृत्यांच्या नोंदींवर पुष्कळदा ते नाचणाऱ्या नर्तकीचे नाव आढळते. पात्र एकच, पण अमुक नर्तकीचे नृत्य वेगळे आणि तमुक नर्तकीचे वेगळे. एका बॅलेतील आपले आवडते एकलनृत्य उचलून दुसऱ्या बॅलेत घालण्याची नर्तकींची रीतही सर्वमान्य होती. मूळ पाठ आणि प्रक्षेप हा भेद आपण हस्तलिखितांच्या अभ्यासात सहज करतो. येथे प्रक्षेप हाच पाठाचा स्वभाव आहे.

यानंतरचा प्रसंग सर्वपरिचित असला, तरी त्यातील साधनांचा तिढा पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. १९०७ साली आना पाव्हलोवा हिला एका कार्यक्रमासाठी छोटे एकलनृत्य हवे होते. मिखाईल फोकीन त्या दिवसांत घरी मँडोलिनवर सँ-साँस याची 'हंस' ही रचना वाजवीत असे. त्याने तीच सुचविली. फोकीनने पुढे १९३१ साली सांगितलेल्या आठवणीप्रमाणे हे नृत्य काही मिनिटांतच तयार झाले. तो पुढे नाचत होता, ती त्याच्या मागे तेच करीत होती. मग ती एकटी नाचू लागली आणि तो बाजूने चालत तिच्या हातांची वळणे दुरुस्त करू लागला. आता 'काही मिनिटांत' या शब्दांचा अर्थ काय घ्यावयाचा? इतक्या थोड्या वेळात दोन-अडीच मिनिटांच्या नृत्यातील प्रत्येक श्वास ठरविणे शक्य नाही. फोकीनने दिला तो एक आराखडा. चवड्यांवरचा तो थरथरता संथ प्रवास आणि त्यावर हातांचे हेलकावे. उरलेले पाव्हलोवाने भरले, आणि ते एकदा भरून ठेवले नाही, तर १९३१ साली मृत्यू येईपर्यंत पुनःपुन्हा भरत राहिली.

१९२५ साली फोकीनने या नृत्याचे वर्णन छायाचित्रांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. छायाचित्रे पाव्हलोवाची नाहीत. ती त्याची पत्नी व्हेरा फोकीना हिची आहेत. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत पाव्हलोवाचे हे नृत्य चित्रफितीवर घेण्यात आले. म्हणजे अभ्यासकाच्या हाती समकालीन असे दोन पुरावे आहेत, एक रचनाकाराने अधिकृत केलेला आणि दुसरा ज्या नर्तकीसाठी रचना झाली तिच्या देहाचा. आणि हे दोन्ही सर्वत्र जुळत नाहीत. कोणता मूळ मानावा? पुस्तक आहे म्हणून पुस्तक मानावे, ही आपली जुनी सवय. पण त्या पुस्तकामागे अठरा वर्षे उलटून गेली होती, आणि फोकीनला आपली रचना कागदावर पक्की करून ठेवावीशी वाटली याचे एक कारण ती त्याच्या हातून केव्हाच निसटली होती, हेही असावे. माझ्या मते येथे 'मूळ' हा शब्दच गैरलागू आहे.

पाव्हलोवाचा विषय निघाला असता एका भारतीय प्रसंगाचा निर्देश करणे अप्रस्तुत होणार नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून लंडनला चित्रकलेच्या पुढील अभ्यासासाठी गेलेल्या उदयशंकर या तरुणाने तिच्यासाठी 'हिंदू विवाह' आणि 'कृष्ण आणि राधा' अशी दोन नृत्ये रचली. १९२३ च्या सप्टेंबरात ती कव्हेंट गार्डनमध्ये सादर झाली. कृष्णाची भूमिका त्याची, राधेची पाव्हलोवाची. रचनाकाराचे वय बावीस, कोणत्याही शास्त्रीय नृत्यपरंपरेचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते; नर्तकी बेचाळीस वर्षांची, जगन्मान्य आणि मंडळीची मालकीण. विषय हवा होता तिला, निवड तिची, प्रयोग ठेवायचा की काढायचा हे ठरविणार तीच. रचनाकार हा धनी आणि नर्तक हे त्याचे साधन, हे समीकरण येथे लावू गेल्यास हास्यास्पद ठरते. भारतीय वाचकास यात फारसे नवल वाटू नये. दक्षिणेत नट्टुवनार जती आणि अडवूंची बांधणी करून देई, पण पदातील एकाच ओळीवर संचारी भावांचा विस्तार किती आणि कसा करावा, हे नाचणारी त्या क्षणी ठरवी. तेथे वाटा विचारला जात नसे, कारण तो गृहीतच होता.

आता ज्या प्रसंगात नर्तकाचा वाटा हेतुपुरस्सर शून्यावर आणण्याचा प्रयत्न झाला, त्याकडे वळू. या लेखाचा भर त्याच प्रसंगावर आहे.

१९१०-११ च्या हिवाळ्यात सेंट पीटर्सबर्गमधील आपल्या आईच्या घरी व्हास्लाव्ह निजिन्स्की याने आरशासमोर एक नवे नृत्य शोधण्यास आरंभ केला. दबुसीच्या सुमारे दहा मिनिटांच्या संगीतावरील हे नृत्य पुढे 'फॉनची दुपार' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्यापाशी त्या वेळी एकच नर्तकी होती, त्याची धाकटी बहीण ब्रोनिस्लावा निजिन्स्का. तिच्या आठवणी तिच्या मृत्यूनंतर १९८१ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत या दिवसांचे जे वर्णन आहे ते नृत्यनिर्मितीच्या इतिहासातील अत्यंत मोलाचे साधन होय. भाऊ तिच्या अंगावर एकेक स्थिती घडवून पाहत होता, मोडत होता, पुन्हा घडवीत होता. चेहरा आणि पाय एका दिशेने, धड प्रेक्षकांकडे, हात कोनात वळलेले. शाही शाळेत अंगी बाणविलेले सारे सौष्ठव टाकून द्यायचे. निजिन्स्का स्वतःकडे आज्ञाधारक मातीचा गोळा म्हणून पाहते. पण तिचे लेखन काळजीपूर्वक वाचणाऱ्यास असे दिसते की ही माती विचार करणारी होती. कोणती स्थिती देहाला पेलते आणि कोणती कोसळते, हे त्याला तिच्याच अंगावर कळत होते. आरसा आणि बहीण ही त्याची दोन साधने. त्यांतील एकच साधन उत्तर देऊ शकत होते.

पुढे हेच नृत्य द्यागिलेव्हच्या मंडळीतील इतर नर्तकींना शिकवायची वेळ आली, तेव्हा सगळे बिनसले. निजिन्स्कीला शब्दांत सांगता येत नसे. तो करून दाखवी आणि तंतोतंत नक्कल मागे. बोटाचा कोन चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांच्या नृत्यासाठी नव्वदांहून अधिक तालमी झाल्याचे सांगितले जाते. आपल्याला यात नाचायलाच काही नाही, अशी नर्तकींची तक्रार होती, आणि ती केवळ आळसापोटी नव्हती. पेतिपाच्या व्यवस्थेत वाढलेल्या या मुलींना पदन्यास देऊन त्यात आपले काही घालण्याची मुभा ठाऊक होती. येथे ती काढून घेतली होती. २९ मे १९१२ रोजी पॅरिसमध्ये प्रयोग झाला आणि गाजला, बराचसा अखेरच्या हावभावावरील वादामुळे.

बरोबर एक वर्षाने, २९ मे १९१३ रोजी, स्त्राविन्स्कीच्या 'वसंतविधी'चा प्रयोग झाला. प्रेक्षकांतील गोंधळाची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिने मूळ नृत्यास झाकून टाकले आहे. म्हणून ती येथे सोडून देतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तालमी महत्त्वाच्या. संगीतातील ताल इतका विषम होता की नर्तकांना तो ऐकून पाऊल टाकता येईना. तो मोजावा लागे. त्यासाठी द्यागिलेव्हने हेलेराऊ येथील दालक्रोझच्या संस्थेतून मारी रॅम्बर्ट या तरुणीस आणले. मंडळीतील नर्तकांनी तिला 'ऱ्हिद्मिच्का', म्हणजे जणू 'तालबाई', असे टोपणनाव ठेवले. त्यात प्रेम किती आणि कुचेष्टा किती हे ठरविणे कठीण आहे. शंभराहून अधिक तालमी झाल्या. प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत होता. नर्तकाने संगीत ऐकून प्रतिसाद द्यावयाचा, तर तो दुसऱ्याच्या तोंडचे आकडे ऐकत होता.

बळी जाणाऱ्या निवडलेल्या कुमारिकेचे अखेरचे नृत्य निजिन्स्कीने प्रथम आपल्या बहिणीवरच रचले. परंतु निजिन्स्का गरोदर राहिली आणि तिला ते नाचता आले नाही. ही वार्ता ऐकून भाऊ संतापला, आपली निर्मिती नष्ट केल्याचा आरोप त्याने तिच्यावर केला, असे तिने नमूद केले आहे. त्या संतापात एक कबुली दडलेली आहे. नर्तकी ही केवळ साधन असती, तर एकाऐवजी दुसरे साधन घेऊन काम भागले असते. ती भूमिका मारिया पिल्त्झ हिला देण्यात आली. तिनेही ती निष्ठेने केली. रॅम्बर्टच्या आठवणीप्रमाणे पिल्त्झला शिकविताना निजिन्स्की जे करून दाखवी ते विलक्षण होते, आणि तिचे नृत्य म्हणजे त्याची फिकट प्रतिकृती. हा निर्णय पिल्त्झवर अन्याय करणारा आहे असे मला वाटते. ज्या देहावर नृत्य शोधले गेले तो वेगळा, ज्याने दाखविले तो वेगळा, आणि जिने नाचावयाचे तिला शोधण्याचा अधिकारच दिलेला नव्हता.

या बॅलेचे पॅरिस आणि लंडन मिळून दहासुद्धा प्रयोग झाले नाहीत. त्याच वर्षी निजिन्स्कीने विवाह केला आणि द्यागिलेव्हने त्यास काढून टाकले. १९२० साली द्यागिलेव्हने 'वसंतविधी' पुन्हा रंगभूमीवर आणावयाचे ठरविले, तेव्हा असे आढळून आले की निजिन्स्कीचे नृत्य कोणालाच आठवत नाही. शंभराहून अधिक तालमी, आणि सात वर्षांत सारे पुसले गेले! लिओनिद मासीन याने नवीन नृत्य रचले; त्यातील कुमारिकेची भूमिका लिडिया सोकोलोवा हिने केली. ही सोकोलोवा १९१३ च्या समूहातही नाचलेली होती.

हे विस्मरण कशामुळे झाले? प्रयोगांची अल्प संख्या, मध्येच आलेले महायुद्ध, मंडळीची पांगापांग, द्यागिलेव्हची इच्छा असणे-नसणे, ही सर्व कारणे खरी आहेत आणि त्यांपैकी कोणतेही गौण नाही. पण युद्ध आणि पांगापांग फोकीनच्या बॅलेंच्याही वाट्यास आली होती. 'पेत्रुश्का' व 'शेहेराजादे' नर्तकांच्या अंगांत टिकून राहिले. 'वसंतविधी' नर्तकांनी मोजून पाठ केला होता. तो त्यांचा झाला नव्हता. ज्यात आपला वाटा नाही ते शरीर लवकर टाकून देते, असे विधान सरसकट करण्याचे धाडस मी करणार नाही. या एका उदाहरणापुरते ते बरेचसे खरे दिसते.

त्यातही एक उपरोध आहे. १९८७ साली मिलिसेंट हॉडसन हिने अमेरिकेतील जॉफ्री बॅलेसाठी या नृत्याची पुनर्रचना केली, ती कोणत्या साधनांवरून? रॅम्बर्टने स्वरलिपीच्या प्रतीवर लिहिलेल्या टिपा, स्त्राविन्स्कीच्या प्रतीवरील नोंदी, व्हालांतीन ग्रॉस हिने काढलेली रेखाचित्रे, जुनी परीक्षणे, आणि रॅम्बर्ट, निजिन्स्का, सोकोलोवा इत्यादी त्या काळच्या स्त्रियांच्या आठवणी. रचनाकाराच्या हातचा कागद जवळजवळ नाहीच. ज्यांना बाजूला ठेवून रचना झाली, त्यांच्याच तोंडून ती परत मिळवावी लागली. पुनर्रचना कितपत विश्वसनीय आहे याविषयी जाणकारांत मतभेद आहेत, आणि ते राहणारच.

निजिन्स्काविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिने १९२३ साली स्त्राविन्स्कीच्याच संगीतावर 'ले नोस' ही विवाहविधीवरील रचना केली, आणि विसाव्या शतकातील श्रेष्ठ बॅलेंत तिची गणना होते. १९६६ साली लंडनच्या रॉयल बॅलेसाठी तिने ती स्वतः पुन्हा बसविली. भावाच्या हातातील माती म्हणून नृत्यनिर्मिती शिकलेल्या या स्त्रीची रचना टिकली. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. पण त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

जॉर्ज बॅलन्शीनची रीत याच्या उलट टोकाची होती. १९३४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये त्याची शाळा सुरू झाली, आणि १४ मार्च रोजी सायंकाळी त्याने चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांवरील संगीतावर 'सेरेनाद' बसविण्यास घेतले. हेतू प्रायः शैक्षणिक होता. वर्गात नाचणे आणि रंगमंचावर नाचणे यांतील फरक विद्यार्थिनींना कळावा, एवढाच. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या. सतरा ही संख्या रांगांत बसत नाही. म्हणून त्याने त्या तिरप्या ओळींत उभ्या केल्या, कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागेतील झाडांसारख्या. (नागपूरकडील वाचकास ही मांडणी डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडू नयेत.) पुढच्या दिवशी नऊच आल्या, त्याहून पुढे सहा, तेवढ्यांवर पुढचा भाग रचला. एक मुलगी पडली आणि रडू लागली. ते पडणे रचनेत राहिले. एक उशिरा आली आणि आपली जागा शोधू लागली, तेही राहिले. त्या वर्षीच्या १० जून रोजी एका धनिकाच्या बागेत हा बॅले सादर झाला, आणि आज तो जगभर नाचला जातो. उशिरा येण्याचा तो क्षण आज ज्या नर्तकी करतात त्या वक्तशीर असतात. त्या पडतात त्या शिकून पडतात.

हा वृत्तान्त बॅलन्शीनने स्वतः सांगितलेला आहे, आणि तो सांगण्यात त्याच्या विनयापेक्षा आत्मविश्वासच अधिक दिसतो. मुलीने पडणे दिले. ते ठेवण्याचा निर्णय त्याचा. या निर्णयाचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा उद्देश नाही. असंख्य अपघातांतून एक उचलणे, त्याला संगीतातील नेमकी जागा देणे आणि उरलेले सोडून देणे ही निर्मितीच आहे. पण उचलण्याजोगे काही समोर यावे लागते, आणि ते समोर आणणाऱ्या मुलींची नावे मुख्य इतिहासात नव्हे, तळटीपांत शोधावी लागतात. बॅलन्शीनने आपल्या मृत्युपत्रात मात्र वेगळा न्याय केला. तो १९८३ साली वारला, तेव्हा आपल्या बॅलेंचे हक्क त्याने कोणा संस्थेस न देता चौदा व्यक्तींत वाटून दिल्याचे आढळले, आणि त्यांत त्याच्या नर्तकींची संख्या मोठी होती. 'सेरेनाद' कारिन फॉन आरोल्डिंगेन हिच्या वाट्यास आले. रचना ज्यांच्या अंगांत आहे त्यांच्याच हाती ती सुरक्षित, असे त्यास वाटले असावे.

जर्मनीत पिना बाऊश हिने ही रीत शेवटच्या टोकास नेली. १९७८ च्या एप्रिलमध्ये बोखुम येथे 'मॅक्बेथ'वर आधारलेली रचना करताना तिच्यापाशी नर्तकांबरोबर नटही होते. नटांना पदन्यास देणे शक्य नव्हते; म्हणून ती प्रश्न विचारू लागली. लहानपणीचे काय आठवते, कशाची भीती वाटते, एखाद्याला लळा लावायचा तर काय कराल. उत्तर शब्दांत द्या, हालचालीत द्या, कसेही द्या. पुढे वुपर्टाल येथील तिच्या मंडळीत हीच पद्धत स्थिर झाली. बहुतेक उत्तरे गळत. थोडी राहत, आणि त्यांची जुळणी बाऊश करी. येथे सामग्री संपूर्णतः नर्तकांच्या आयुष्यातून आलेली. तेव्हा नर्तक गेला की रचना संपली, असे कोणी म्हणेल. पण तिचे 'कोंटाक्टहोफ' हे १९७८ सालचेच नाटक २००० साली पासष्ट वर्षांवरील सामान्य नागरिकांनी आणि २००८ साली शाळकरी वयाच्या मुलामुलींनी सादर केले. परक्याची आठवण आपल्या अंगावर वागविता येते, असे दिसले. मात्र त्यासाठी ती आधी कोणाची तरी खरी आठवण असावी लागते.

कायद्याने या प्रश्नाचा निकाल लावण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो इतिहासकारास विचार करावयास लावणारा आहे. मार्था ग्रॅहम १९९१ साली वारली. तिच्या नृत्यांवर तिचा मृत्युपत्रान्वये वारस आणि तिने स्थापिलेली संस्था या दोघांनी हक्क सांगितला. २००२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आणि २००४ साली अपील न्यायालयाने बहुसंख्य नृत्ये संस्थेची ठरविली. कारण ग्रॅहम ही संस्थेची पगारी नोकर होती आणि नोकरीत केलेले काम मालकाचे. नर्तकाचा वाटा नाकारताना जे कारण आजवर दिले जाई, तेच रचनाकारास लागू झाले! ज्यांच्या अंगांत ही नृत्ये होती ते नर्तक या दाव्यात पक्षकार नव्हते. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत समाविष्ट आहे, पण ती लेखनाने वा अन्य रीतीने पक्की झालेली असली पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने नर्तकासही प्रयोगकर्त्याचे हक्क मिळाले. रचना एका कलमात, प्रयोग दुसऱ्यात. तालीम कोणत्याच कलमात नाही.

राहता राहिली 'फॉनची दुपार'. १९१५ साली बुडापेस्ट येथे स्थानबद्ध असताना निजिन्स्कीने हे नृत्य स्तेपानोव्हच्या पद्धतीवर आधारलेल्या आपल्या लिपीत, फॉन आणि सात अप्सरा यांच्या हालचालींसह, लिहून काढले. ते बाड पुढे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आले, पण लिपी कोणास वाचता येईना. दरम्यान नृत्य नर्तकांच्या स्मृतीतून चालतच राहिले. १९३१ साली लेऑन व्होइझिकोव्हस्की याने ते रॅम्बर्टच्या लंडनमधील मंडळीस शिकविले, आणि अनेक वर्षे तेच अस्सल मानले गेले. १९८० नंतरच्या दशकात ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लाउडिया येश्के या दोघींनी लिपी उलगडली. तेव्हा लिहिलेले नृत्य आणि स्मृतीतून आलेले नृत्य यांत ठळक फरक असल्याचे दिसून आले.

स्मृती नर्तकांची, म्हणून ती चुकली, असे म्हणून हा विषय संपविता येतो, आणि बहुतेकांनी तो तसाच संपविला आहे. माझी अडचण अशी की बाडही स्मृतीवरूनच लिहिलेले आहे. प्रथम प्रयोगानंतर तीन वर्षांनी, एका स्थानबद्ध माणसाने, समोर एकही अप्सरा नसताना. सात अप्सरांपैकी एक निजिन्स्का होती. पहिली स्थिती जिच्या अंगावर घडली तिची हालचाल तो त्या खोलीत बसून लिहीत होता, आणि ती बरोबर आहे की नाही हे सांगायला ती तेथे नव्हती.